काचेची पारख

प्रास्ताविक

काच ही घरोघरी आढळणारी वस्तू आहे. खिडकीचे तावदान, पाण्याचा पेला, कंदिलाची काच, आरसा अशा अनेक रूपांत ती रोज आपल्या हाताखालून जाते. ती स्वच्छ असली आणि तिच्यातून आरपार दिसले, की आपले समाधान होते. परंतु सूक्ष्मदर्शकातून रक्ताचा थेंब तपासणाऱ्या तंत्रज्ञाचे किंवा दुर्बिणीतून ताऱ्याचा वेध घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचे एवढ्याने भागत नाही. आरपार दिसणे ही एक गोष्ट आणि जसे आहे तसे दिसणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यासाठी माणसाला दोनशे वर्षांहून अधिक काळ काचेचा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासाची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• काचेचे अपवर्तन व अपस्करण हे गुणधर्म सोप्या शब्दांत सांगता येतील;
• साधी काच व प्रकाशीय काच यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• काचेच्या संशोधनात कारागीर व शास्त्रज्ञ या दोघांचा वाटा कसा आहे ते सांगता येईल;
• वैज्ञानिक विषयावरील गद्य उतारा वाचून त्यातील मुख्य विचार वेगळा काढता येईल.

मूळ पाठ

१. प्रकाशाची वाट आणि काच

वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण भट्टीत प्रखर उष्णतेने वितळवले, की त्याचा दाट रस होतो. हा रस निवला की त्याची काच बनते. खिडक्यांना व बाटल्यांना लागणारी काच प्रामुख्याने अशीच तयार होते.

प्रकाश हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग कमी होतो. तो तिरका शिरला तर त्याची दिशाही बदलते. यालाच प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग त्या पदार्थातील वेगाच्या किती पट आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे अपवर्तनांक होय. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, खिडकीच्या काचेचा सुमारे १.५२ आणि हिऱ्याचा सुमारे २.४२ आहे. भिंग प्रकाश एकत्र आणते ते याच गुणामुळे.

मात्र पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला असतो आणि काच सर्व रंगांना सारखे वळवत नाही. जांभळा अधिक वळतो, तांबडा कमी. रंगांच्या या फाकण्याला अपस्करण म्हणतात. लोलकातून भिंतीवर पडणारा सप्तरंगी पट्टा मनोहर दिसतो, पण दुर्बिणीच्या भिंगात तोच दोष ठरतो. तांबडा प्रकाश एका ठिकाणी आणि निळा दुसऱ्या ठिकाणी एकवटल्यामुळे ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसू लागते. या रंगदोषावर भिंगांच्या मार्गाने उपाय नाही, असे न्यूटनसारख्या शास्त्रज्ञाचेही मत झाले होते.

उपाय सापडला तो दोन प्रकारच्या काचांच्या जोडीत. साध्या ‘क्राउन’ काचेचे एक भिंग आणि शिसेयुक्त ‘फ्लिंट’ काचेचे दुसरे भिंग जोडले, तर एकाने फाकवलेले रंग दुसरे बऱ्याच अंशी पुन्हा जवळ आणते. लंडनच्या जॉन डॉलंड याने १७५८ मध्ये अशा जोडभिंगाचे एकस्व मिळवले. तत्त्व सापडले, पण साहित्य मिळेना. शिसे जड असल्यामुळे वितळलेल्या रसात ते खाली बसे. मग काचेत पाकातल्या तारांसारख्या शिरा उमटत आणि त्या प्रकाशाची वाट बिघडवीत. तळहाताएवढी निर्दोष फ्लिंट काच मिळणेही दुर्मीळ होते.

२. ढवळणारा कारागीर

ही अडचण सोडवली ती स्वित्झर्लंडमधील प्येअर-लुई गिनाँ (१७४८–१८२४) या कारागिराने. घड्याळांच्या लाकडी पेट्या बनवणे हा त्याचा मूळचा धंदा. दुर्बिणीच्या आवडीपोटी त्याने स्वतःची भट्टी उभारली आणि वर्षानुवर्षे अपयश पचवून प्रयोग चालू ठेवले. अखेर त्याने भाजलेल्या मातीच्या दांड्याने काचेचा रस ढवळण्याची युक्ती योजली. लाकूड जळून जाते, धातू काचेला रंग देतो. उष्णतेला दाद न देणारी माती मात्र रसात टिकते. घरातली बाई कढी फुटू नये म्हणून ती सतत ढवळत राहते, तशीच ही कृती. परंतु तिच्यामुळे मोठ्या आकाराची एकजीव काच प्रथमच हाती आली. जर्मनीतील बव्हेरियाच्या बेनेडिक्टबॉयर्न या गावी दुर्बिणींसाठी काच तयार करण्याचा कारखाना उभा राहत होता. गिनाँला तेथे पाचारण करण्यात आले आणि तेथेच त्याच्या हाताखाली एक तरुण हे काम शिकला.

३. ढिगाऱ्यातून वर आलेला मुलगा

त्या तरुणाचे नाव योझेफ फ्राउनहोफर (१७८७–१८२६). वडील काचा बसवण्याचे काम करीत. अकराव्या वर्षी तो पोरका झाला आणि म्यूनिक येथे आरसे व काचकाम करणाऱ्या एका धन्याकडे उमेदवारीला लागला. काम भरपूर, शिक्षण नाही. कामकरी मुलांसाठी सुटीच्या दिवशी भरणाऱ्या शाळेत जाण्याचीही त्याला मोकळीक नव्हती. १८०१ साली धन्याचे घर कोसळले आणि चौदा वर्षांचा योझेफ ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याला जिवंत बाहेर काढले गेले, तेव्हा बव्हेरियाचा शासक तेथे उपस्थित होता. शासकाने त्याला १८ सुवर्णनाणी दिली. त्या पैशांतून त्याने काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उमेदवारीच्या उरलेल्या काळातून आपली सुटका करून घेतली. याच प्रसंगातून उत्शनायडर नावाच्या उद्योजकाशी त्याचा परिचय झाला. त्यांनी त्याला गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली आणि पुढे आपल्या कारखान्यात घेतले.

फ्राउनहोफरपुढचा प्रश्न मोजमापाचा होता. जोडभिंग बनवायचे तर प्रत्येक काचेचा अपवर्तनांक नेमका कळला पाहिजे. पण तो रंगागणिक बदलतो आणि वर्णपटात तांबडा कोठे संपतो, नारिंगी कोठे सुरू होतो, हे कोण सांगणार? नदीच्या पात्रात सीमेचे दगड नसावेत, तशी ती स्थिती होती. १८१४ मध्ये सूर्याचा वर्णपट बारकाईने पाहताना त्याला त्यात असंख्य काळ्या रेषा आढळल्या. प्रत्येक रेषा आपली जागा सोडत नव्हती. त्याने पाचशेहून अधिक रेषांची नोंद केली आणि ठळक रेषांना रोमन अक्षरांची नावे दिली. त्याला हवे असलेले सीमेचे दगड सूर्यप्रकाशातच सापडले होते! आता ‘अमुक रेषेच्या ठिकाणी या काचेचा अपवर्तनांक इतका’ असे निश्चितपणे सांगता येऊ लागले.

काच पारखण्यासाठी शोधलेल्या याच रेषांनी पुढे वेगळेच दार उघडले. सूर्यात व ताऱ्यांत कोणती मूलद्रव्ये आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या रेषांवरूनच कळले. फ्राउनहोफर मात्र ते पाहायला उरला नाही. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी क्षयाने त्याचे निधन झाले.

४. येनाची प्रयोगशाळा

फ्राउनहोफरने काच मोजली, पण हवी तशी काच घडवायची कशी, हा प्रश्न शिल्लकच होता. जर्मनीतील येना या गावी कार्ल झाइस यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात तो तीव्रतेने जाणवला. १८६६ पासून अर्न्स्ट आबे (१८४०–१९०५) हे भौतिकशास्त्रज्ञ झाइस यांना साहाय्य करीत होते. भिंगांचे संपूर्ण गणित त्यांनी मांडले आणि ते एका निष्कर्षाला आले : कारागिरी पुरेशी आहे, गणितही पुरेसे आहे, आता अडते आहे ते काचेपाशी. त्या काळच्या काचांमध्ये अपवर्तनांक वाढला की त्याबरोबर अपस्करणही वाढे. एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नव्हते.

१८७९ मध्ये ओटो शॉट (१८५१–१९३५) या तरुण रसायनशास्त्रज्ञाने लिथियम घालून केलेल्या काचेविषयी आबे यांना पत्र पाठवले. ती काच उपयोगी ठरली नाही, परंतु त्या पत्रातून दोघांचे सहकार्य सुरू झाले. शॉट यांनी बोरॉन, फॉस्फरस, बेरियम अशी अनेक मूलद्रव्ये काचेत मिसळून पाहिली. आबे प्रत्येक नमुन्याचे मोजमाप करीत आणि त्यावरून शॉट पुढचे मिश्रण ठरवीत. १८८४ मध्ये येना येथे काचेची स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १८८६ मध्ये ४४ प्रकारच्या प्रकाशीय काचांची यादी प्रसिद्ध करण्यात आली. बेरियमयुक्त काचांमध्ये अपवर्तनांक जास्त असूनही अपस्करण तुलनेने कमी होते. जुनी जखडलेली जोडी सुटली होती. त्याच वर्षी झाइस कारखान्याने रंगदोष जवळजवळ नाहीसा करणारी सूक्ष्मदर्शकाची नवी भिंगे विक्रीस आणली.

काचेची रंग फाकवण्याची प्रवृत्ती सांगणाऱ्या संख्येला आज ‘आबे संख्या’ म्हणतात. ही संख्या जितकी मोठी तितके अपस्करण कमी. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका बोरॉनयुक्त क्राउन काचेचा अपवर्तनांक १.५१७ व आबे संख्या ६४ आहे. एका नेहमीच्या फ्लिंट काचेसाठी हेच आकडे १.६२० आणि ३६ असे आहेत. या दोन आकड्यांतच भिंग बनवणाऱ्याच्या दृष्टीने काचेची पत्रिका सामावलेली असते.

आबे यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्यांचे वडील सूतगिरणीत कामगार होते आणि दिवसाचे चौदा ते सोळा तास त्यांना उभे राहून राबावे लागे. आबे ते विसरले नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी एक न्यास स्थापन केला, त्याच्याकडे पुढे कारखान्याची मालकी आली आणि १९०० मध्ये तेथील कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू झाला.

५. निर्दोष काच घडते कशी?

प्रकाशीय काचेची पहिली अट शुद्धता ही होय. वाळूत लोहाचा अंश थोडा जरी असला, तरी काचेला हिरवट झाक येते. दुसरी अट एकजीवपणाची. त्यासाठी रस ढवळावा लागतो; उत्तम प्रतीच्या काचेसाठी प्लॅटिनमची भांडी व ढवळण्या वापरतात. तिसरी अट संयमाची. काच घाईने निववली तर तिच्यात ताण राहतो आणि एकाच तुकड्यात जागोजागी अपवर्तनांक बदलतो. म्हणून ती ठरावीक गतीने, अत्यंत सावकाश निववली जाते. मोठ्या तुकड्यांना त्यासाठी कित्येक आठवडेही लागतात. तयार काचेचा अपवर्तनांक दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या अंकापर्यंत तपासला जातो.

आता पर्यावरणाचाही विचार यात आला आहे. शिसे व आर्सेनिक ही विषारी द्रव्ये प्रकाशीय काचेत पूर्वी सर्रास वापरली जात. १९९० नंतर अनेक उत्पादकांनी बहुतेक काचांमध्ये त्यांच्या जागी निरुपद्रवी द्रव्ये आणली.

६. भारतातील प्रयत्न

काच ही केवळ प्रयोगशाळेची गरज नाही. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटनला दुर्बिणींसाठी लागणाऱ्या काचेची टंचाई भासली, कारण तिचा मोठा पुरवठा जर्मनीतूनच होत असे. जी वस्तू दुसऱ्याच्या भट्टीतून येते, ती अडचणीच्या वेळी मिळेलच असे नाही, हा धडा सर्वच राष्ट्रांनी घेतला.

भारतात आधुनिक काचउद्योगाचे शिक्षण देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत पुण्याजवळील तळेगाव येथील पैसा फंड काच कारखान्याचे नाव घ्यावे लागते. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून १९०८ मध्ये तो सुरू झाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता आणि ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना काचेचे काम शिकवले. तेथे घडत होती ती साधी काच. प्रकाशीय काचेसाठी देशाला आणखी बराच काळ थांबावे लागले.

१९५० मध्ये कोलकाता येथे केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. प्रकाशीय काच बनवण्याच्या कृती मोजक्या देशांपाशी होत्या आणि त्या गुप्त राखल्या जात. डॉ. आत्माराम (१९०८–१९८३) या संस्थेचे संचालक असताना तेथील संशोधकांनी स्वतःच्या प्रयत्नाने ही काच तयार केली. पुढे याच संस्थेने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने किरणोत्सर्गापासून संरक्षण देणारी काच विकसित केली. या काचेत शिशाचे प्रमाण मोठे असते. शिसे घातक गॅमा किरण अडवते, तर प्रकाश मात्र आरपार जातो. किरणोत्सर्गाने साधी काच तपकिरी पडते. ते टाळण्यासाठी तिच्यात सिरियम मिसळतात. जाड भिंतीत बसवलेल्या अशा खिडकीमागे उभा राहून कामगार आतील धोकादायक पदार्थ यांत्रिक हातांनी हाताळू शकतो. येथे काचेची पारख म्हणजे माणसाच्या जिवाची राखण होय.

७. शंभर किलोमीटरची खिडकी

काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये दाखवले. पोटातील अवयव दुर्बिणीने तपासण्याच्या तंत्राला त्यातून चालना मिळाली. परंतु लांबवर संदेश पाठवण्यासाठी तो तंतू निरुपयोगी होता. सुमारे २० मीटर अंतरातच प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरे.

१९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणारे चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले, की हा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे. १ किलोमीटरनंतर शंभरावा हिस्सा उरेल इतकी काच शुद्ध केली, तर प्रकाशाच्या साहाय्याने दूरध्वनी चालवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. त्यासाठी त्यांनी वाळू वितळवली नाही. सिलिकॉनच्या संयुगाच्या वाफेपासून अतिशुद्ध काच जमवली. आजच्या उत्तम तंतूत प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरण्यासाठी सुमारे १०० किलोमीटर जावे लागते. वीस मीटर, एक किलोमीटर, शंभर किलोमीटर – या तीन आकड्यांत काचेच्या शुद्धीकरणाचा इतिहास सामावला आहे. समुद्रतळावरून खंडोखंडी जाणारे संदेश आज याच तंतूंतून धावतात. काव यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराने गौरवण्यात आले.

गिनाँच्या मातीच्या दांड्यापासून या तंतूपर्यंतची वाटचाल पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. जे डोळ्याला स्वच्छ दिसत होते, त्यातही दोष आहे हे कोणीतरी मान्य केले, तो दोष मोजला आणि मगच तो दूर झाला. काचेची पारख करणाऱ्यांनी आधी आपली नजर पारखून घेतली होती.

शब्दार्थ

अपवर्तन – एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना प्रकाशाची दिशा बदलणे (याला वक्रीभवन असेही म्हणतात)
अपस्करण – पांढऱ्या प्रकाशातील रंग वेगवेगळे होणे
एकस्व – शोधावरील कायदेशीर हक्क, पेटंट
उमेदवारी – धंदा शिकण्यासाठी केलेली नोकरी
एकजीव – सर्वत्र सारखे मिसळलेले
न्यास – विश्वस्त संस्था, ट्रस्ट
मृत्तिका – माती
पाचारण करणे – बोलावून घेणे

पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. तांबड्या रंगापेक्षा ______ रंग काचेत अधिक वळतो.
२. काचेचा रस ढवळण्यासाठी गिनाँ याने ______ दांडा वापरला.
३. आबे संख्या मोठी असेल तर अपस्करण ______ असते.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. पैसा फंड काच कारखान्यात प्रकाशीय काच तयार होत असे.
२. लोहाच्या अंशामुळे काचेला हिरवट झाक येते.

आपण काय शिकलो?

• अपवर्तनांक व अपस्करण या दोन गुणांवर काचेची प्रकाशीय योग्यता ठरते.
• शुद्धता, एकजीवपणा व सावकाश निववणे या निर्दोष काचेच्या तीन अटी आहेत.
• काचेतील मूलद्रव्ये बदलून तिचे गुण गरजेप्रमाणे घडवता येतात.
• काचेच्या प्रगतीत कारागिराचा हात, शास्त्रज्ञाचे गणित आणि समाजाची गरज यांचा मेळ दिसतो.

स्वाध्याय

१. ‘आरपार दिसणे ही एक गोष्ट आणि जसे आहे तसे दिसणे ही दुसरी.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा फ्राउनहोफरला कोणता उपयोग झाला?
३. आबे व शॉट यांच्या सहकार्यात प्रत्येकाचा वाटा कोणता होता?
४. फ्राउनहोफर व आबे यांच्या जीवनातील तुम्हाला भावलेला एकेक प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.
५. ‘सीमेचे दगड’, ‘काचेची पत्रिका’ हे शब्दप्रयोग पाठात कोणत्या अर्थाने आले आहेत ते सांगा.

उपक्रम

खिडकीत बसवलेल्या काचेतून बाहेर पाहा. नंतर तशाच काचेच्या सुट्या तुकड्याकडे, हात न लावता, कडेच्या बाजूने पाहा. समोरून न दिसणारी हिरवट छटा कडेने का दिसते, याचे कारण पाठातील माहितीच्या आधारे लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. जांभळा २. भाजलेल्या मातीचा ३. कमी
(आ) १. चूक २. बरोबर